फिलिपिन्सच्या मुलीशी लग्न करायचंय, नोंदणी रत्नागिरीत करू की तिकडे? व्हिसा, ओसीआय (परदेशी जोडीदाराला इथे कायम राहू देणारं कार्ड), बागेची जमीन, सगळंच विचारायचंय

गुहागरचा_दर्यावर्दी

मंडळी नमस्कार. बरेच महिने इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, मोठं झालं तर सांभाळून घ्या.

मी गुहागर तालुक्यातला, क्रूझ जहाजावर हॉटेल डिपार्टमेंटला आहे, सात वर्षं झाली. ती फिलिपिन्समधल्या इलोइलोची, त्याच कंपनीत हाउसकीपिंगला. चार वर्षं एकमेकांना ओळखतो, त्यातली दोन एकाच जहाजावर काढली. ती कॅथलिक, मी हिंदू. तिच्या घरी जाऊन आलोय, तिच्या आईवडिलांनी मान्य केलंय. आमच्या घरी मी शिमग्यात सांगितलं, पालखी घरी येऊन गेली त्याच रात्री. आई दोन दिवस गप्प होती, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "लगीन आपल्या दारात झालं पाहिजे आणि पोरगी कागदावर पक्की आपली झाली पाहिजे, उद्या कोणी येऊन हिला परत पाठवा म्हणता कामा नये." भाऊ आणि वहिनी माझ्या बाजूने आहेत.

आता अडचण अशी की माझं कॉन्ट्रॅक्ट आठ महिन्यांचं असतं आणि मधली सुट्टी पावणेतीन महिने. ५ नोव्हेंबरच्या आसपास साइन ऑफ आहे, जानेवारीच्या शेवटी परत साइन ऑन. तेवढ्यात लग्न, नोंदणी, तिचा व्हिसा सगळं कसं बसवायचं ते कळत नाहीये. मुंबईच्या एका एजंटला फोन केला तर म्हणाला ८५ हजार द्या, तीन दिवसात कोर्ट मॅरेज करून सर्टिफिकेट हातात देतो, मुलगी टुरिस्ट व्हिसावर आली तरी चालेल. ऐकायला बरं वाटलं पण मनात पाल चुकचुकली म्हणून इथे विचारतोय. कोणी स्वतः केलं असेल त्यांनी प्लीज सांगा. पुढची काही वर्षं आम्ही दोघं जहाजावरच असणार, पण शेवटी राहायचं गावीच ठरवलंय, वडिलांची कलमांची बाग आहे आणि मला होमस्टे करायचाय.

वरची_आळी

बाळा, आधी अभिनंदन. मी नोंदणी खात्यातून निवृत्त झालो, अशी लग्नं डोळ्यासमोर झालेली आहेत म्हणून लिहितो. पैसे त्या एजंटला देऊ नकोस. तीन दिवसात कायद्याने होतच नाही, आणि कोणी करून दिलं तर तो कागद पुढे वकिलातीत किंवा ओसीआयच्या अर्जात तुझ्यावरच उलटेल.

तुमचं लग्न बसतं विशेष विवाह कायदा १९५४ मध्ये. धर्म कोणीच बदलायचा नाही, दोघं आपापल्या धर्मात राहून लग्न करता येतं, हाच त्या कायद्याचा मोठेपणा. दोघांपैकी निदान एकजण नोटीस द्यायच्या आधीचे सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला पाहिजे. मग जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती बोर्डावर लागते, ३० दिवस कोणालाही हरकत घेता येते. हरकत म्हणजे "आमच्या जातीत चालत नाही" असली नाही हं, कायद्यातल्या अटी मोडल्या तरच, म्हणजे आधीचं लग्न अजून कायम आहे, वय कमी आहे, नातं निषिद्ध आहे, संमती देण्याइतकं मन शाबूत नाही, एवढंच. मुदत संपली की दोघं आणि तीन साक्षीदार अधिकाऱ्यासमोर सह्या करतात आणि लग्न लागतं. नोटीस तीन महिने चालते, त्यात लग्न झालं नाही तर पहिल्यापासून.

तुझा हिशोब मांडतो. ५ नोव्हेंबरला घरी आलास, ३० दिवस राहिलास, ५-६ डिसेंबरला नोटीस. ५-६ जानेवारीनंतर लग्न. महिन्याअखेर साइन ऑन. बसतंय, पण एकही आठवडा वाया घालवायला जागा नाही. नोटिशीला आणि लग्नाला दोन्ही वेळी तिने इथे असलं पाहिजे असं धरूनच चाल, परदेशी माणसाकडे आधार नसतं त्यामुळे घरबसल्या करण्याच्या भरवशावर राहू नको. गावी तुझं घर असलं तरी तू आठ महिने बोटीवर असतोस, म्हणून मी ३० दिवस प्रत्यक्ष राहून मोज म्हणतोय.

देवगड_हापूस

काकांनी बरोबर सांगितलं पण मी थोडं वेगळं बघितलंय. आमच्या वाडीत एकाने बागेवरच्या नेपाळी राखणदाराच्या बहिणीशी लग्न केलं, गावच्या देवळात भटजी बोलवून, वर्षाने नोंदणी केली, आज दोन पोरं शाळेत जातात. काहीच कुठे अडलं नाही. एवढं सगळं करायची गरज आहे का? देवळात लावा, फोटो काढा, नोंदणी मागाहून.

वरची_आळी

दादा, तुमच्या वाडीतलं लग्न टिकलं कारण दोघं हिंदू होते, हिंदू विवाह कायदा १९५५ त्यांना लागू. इथे मुलगी कॅथलिक आहे, भटजींनी सात फेरे घातले तरी त्या कायद्याखाली ते लग्न धरलं जात नाही. आणि नेपाळचं प्रकरणच निराळं आहे, १९५० च्या तहामुळे नेपाळी माणसाला भारतात यायला, राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. तिथे व्हिसाचा प्रश्नच नव्हता म्हणून सोपं वाटलं. फिलिपिन्सच्या मुलीला पहिल्या दिवसापासून व्हिसा लागतो आणि प्रत्येक ठिकाणी नोंदणीचा कागद विचारतात.

देवळातले विधी, मांडव, जेवण हे आईसाठी जरूर करा, त्याला कोण अडवतंय. पण कायद्याचं लग्न सह्यांचं. चर्चमध्येही करता येतं बरं का, १८७२ च्या ख्रिश्चन विवाह कायद्यात एक जण ख्रिश्चन असला तरी चालतं. पण तुमच्या केसमध्ये मी विशेष विवाहच सुचवेन, पुढे कोणाला समजावत बसावं लागत नाही.

तारकर्लीवाली

भावा, होमस्टे करणार म्हणालास म्हणून आणि त्याआधी ती तुमच्या घरी राहणार म्हणूनही सांगते. परदेशी पाहुणा घरात उतरला की २४ तासांच्या आत सी फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. हॉटेलनेच भरायचा असं लोकांना वाटतं, तसं नाहीये, घरी उतरलेल्या पाहुण्यालाही लागू आहे. आम्ही होमस्टेवाले रोज भरतो म्हणून आम्हाला माहीत, पण घरात होणारी सून आली आणि कोणी भरलाच नाही असं माझ्या ओळखीत झालंय, पुढे व्हिसाच्या वेळी राहण्याचा पुरावा मागितला तेव्हा हातात काहीच नाही. पोलीस स्टेशनला पण आधीच जाऊन सांगून ठेवा, गावाकडे लोक प्रेमाने वागतात, पण कोणी भलतंच कानावर घालायच्या आधी आपण सांगितलेलं बरं.

अजून एक, ई-टुरिस्ट व्हिसा ३० दिवसांचाही मिळतो आणि वर्षाचाही. काकांच्या हिशोबात नोटीस ते लग्न यातच ३० दिवस जातात, म्हणजे ३० दिवसांचा पुरणार नाही, ती लग्नाच्या आदल्या दिवशी परत जायची! वर्षाचा घ्या, त्यावर एका वेळी ९० दिवस राहता येतं. आणि अर्जात कारण लपवू नका, लग्नासाठी येतेय तर कुठला व्हिसा हवा ते मनिलाच्या आपल्या वकिलातीत लेखी विचारून घ्या, उत्तर जपून ठेवा.

दाभोळ_खाडी

अस्सलाम वालेकुम आणि नमस्कार मंडळी. मी कुवेतला वीस वर्षं काढली, आमच्या दाभोळ, हर्णै, राजापूर भागातली निम्मी घरं आखातावर चाललीत. माझ्या मामेभावाचं लग्न तिथल्याच फिलिपिनो नर्सशी झालं म्हणून तिकडच्या कागदांचं सांगतो.

तिला तिच्या देशातून सेनोमार काढावं लागेल, म्हणजे आधी लग्न झालेलं नाही असा दाखला, तो पीएसए म्हणून त्यांचं खातं आहे ते देतं. सोबत जन्मदाखला, तोही पीएसएचाच. दोन्हीवर अपोस्टिल घ्यायचं, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून सरकारी शिक्का. फिलिपिन्स २०१९ पासून अपोस्टिलवाल्या देशांत आहे, भारत २००५ पासून, त्यामुळे वकिलातीच्या वेगळ्या शिक्क्यांचा फेरा वाचतो. दाखले फार जुने चालत नाहीत, तिला सांग साइन ऑफ झाल्यावरच काढ.

तुम्ही जर तिकडे लग्न करायचं ठरवलं तर तुला मनिलाच्या भारतीय वकिलातीतून लग्नाला कायदेशीर पात्र असल्याचा दाखला आणावा लागेल, त्याशिवाय त्यांचं लग्नाचं लायसन मिळत नाही. लायसनचा अर्ज दहा दिवस बोर्डावर लागतो आणि लायसन १२० दिवस चालतं. म्हणजे वेळेत बघितलं तर तिकडे लवकर होतं. तिसरी वाट म्हणजे परदेशातल्या भारतीय वकिलातीतच लग्न, विदेशी विवाह कायदा १९६९, त्यातही ३० दिवस राहणं आणि नोटीस आहेच.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगतो. फिलिपिनो माणूस परदेशी नवऱ्याकडे किंवा बायकोकडे कायमचा राहायला निघाला की त्यांच्या सीएफओ नावाच्या सरकारी संस्थेत समुपदेशनाचं सेशन करावं लागतं, त्याचं सर्टिफिकेट नसेल तर त्यांचंच इमिग्रेशन विमानतळावर अडवतं. ती आत्तापर्यंत नोकरीवर म्हणून बाहेर पडत होती म्हणून तिला हे लागलं नसेल. माझी वहिनी मनिला विमानतळावरून घरी परत गेली होती, तिकीट गेलं, भाऊ इकडे गाडी घेऊन उभा. आणि इथे लग्न झालं की त्यांच्या वकिलातीत रिपोर्ट ऑफ मॅरेज नोंदवा, नाहीतर तिच्या देशाच्या दप्तरी ती अविवाहितच राहते. त्यांच्याकडे मुस्लिम सोडून इतरांना घटस्फोटाचा कायदाच नाही, त्यामुळे ती माणसं लग्नाचा कागद फार गंभीरपणे घेतात, हे तूही मनात ठेव.

गुहागरचा_दर्यावर्दी

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्रपाळी संपवून वाचतोय आणि डोळ्यात पाणी आलं खरं सांगतो. एजंटला नाही म्हणून मेसेज टाकला.

आता पुढचं विचारतो. लग्न झाल्यावर तिला इथे कायमचं राहायला काय लागेल? ओसीआय लगेच मिळतं का? बाग वडिलांच्या नावावर, आम्ही दोघं भाऊ, सातबारावर पुढे तिचं किंवा मुलांचं नाव लागेल का? चुलते म्हणतात परदेशी बाई आली की जमीन सरकारजमा होते.

खेडची_वकील

दर्यावर्दी दादा, चुलत्यांना सांगा असं काही होत नाही, जमीन कोणी नेत नाही. पण मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून सावकाश लिहिते.

आधी व्हिसा. लग्नाचं सर्टिफिकेट दाखवून तिला एंट्री व्हिसा मिळतो, ज्याला सगळे एक्स व्हिसा म्हणतात. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची, हे आता ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी लोकांच्या नोंदणीच्या सरकारी वेबसाइटवर, ऑनलाइन होतं, आपल्याकडे जिल्ह्याचं काम पोलीस अधीक्षकांकडे असतं. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांचा नवीन कायदा लागू झालाय, १९४६ चा जुना गेला, त्यामुळे जुने लेख वाचून चालू नका.

ओसीआय लगेच नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७अ मध्ये परदेशी जोडीदारासाठी अट आहे की लग्न नोंदलेलं असावं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं. इथे नीट लक्ष द्या, कायदा लग्न दोन वर्षं टिकलेलं मागतो, तिने ती दोन वर्षं भारतातच काढली पाहिजेत असं त्यात म्हटलेलं नाही. म्हणजे तुम्ही दोघं जहाजावर असलात तरी घड्याळ चालू राहतं. म्हणून माझा स्पष्ट सल्ला, मांडव आणि गावजेवण पुढच्या वर्षी शिमग्याला करा नाहीतर गणपतीत करा, पण नोंदणी याच जानेवारीत उरकून घ्या. जितकी उशिरा नोंदणी तितकं ओसीआय लांब. अर्जाची फी भारतात १५,००० रुपये आहे आणि आधी सुरक्षा तपासणी होते, त्याला वेळ लागतो, सगळे कागद एका नावाने एका स्पेलिंगने असू देत. पाकिस्तान किंवा बांगलादेशचं नागरिकत्व स्वतःचं, आईवडिलांचं किंवा आजीआजोबांचं कधी असेल तर ओसीआय मिळत नाही, तुम्हाला तो प्रश्न नाही.

ओसीआय मिळालं की कितीही वेळा या, कितीही दिवस राहा, पोलिसात नोंदणी नको. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मात्र येते. तिला ओसीआय सोडून भारतीय नागरिकच व्हायचं असेल तर भारतीयाशी लग्न झालेल्या माणसाने सात वर्षं इथे राहून अर्ज करायचा असतो, पण मग तिचा देशाचा पासपोर्ट सोडावा लागेल, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. हा निर्णय तिचा तिने घ्यायचा, सासरच्यांनी घाई करू नये असं मला वाटतं. आणि एक कडू गोष्ट, घटस्फोट झाला तर जोडीदार म्हणून मिळालेलं ओसीआय रद्द होऊ शकतं, तिला हे आधी माहीत असलं पाहिजे, तुम्ही स्वतः सांगा.

आता बाग. विशेष विवाह कायद्याचं कलम १९ फारसं कोणी वाचत नाही. एकत्र हिंदू कुटुंबातल्या माणसाने या कायद्याखाली दुसऱ्या धर्माच्या व्यक्तीशी लग्न केलं की तो त्या एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं धरतात. दोघं हिंदू असतील तर १९७६ च्या दुरुस्तीने हे लागत नाही, तुम्हाला लागतं. घाबरू नका, हिस्सा जात नाही, हक्क कायम राहतो, फक्त तुमचा हिस्सा तुमचा वेगळा झाला असा त्याचा अर्थ. आणि तुमच्या मिळकतीला पुढे वारसा लागतो तो भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा, हिंदू वारसा कायदा नाही. त्यात बायको आणि मुलं दोघांचा वाटा आहे. म्हणून बाग वडिलोपार्जित आहे की वडिलांनी स्वतः घेतलेली आहे ते सातबारा आणि जुने फेरफार काढून लग्नाआधीच बघा, भावाला शेजारी बसवून बघा. आपल्याकडे भाऊ भाऊ तुटतात ते जमिनीपेक्षा न बोलल्यामुळे, हे मी रोज कोर्टात बघते. वडिलांना जमत असेल तर मृत्युपत्र करून ठेवायला सांगा, साधं दोन पानी पुरे.

मुलांचं सोपं आहे. मूल भारतात जन्मलं आणि एक पालक भारतीय असेल तर ते भारतीय, पण दुसरा पालक त्या वेळी बेकायदा राहणारा नसावा, म्हणून तिच्या व्हिसाची तारीख एक दिवसही चुकवू नका. बाहेर जन्मलं तर एका वर्षात भारतीय वकिलातीत जन्म नोंदवा आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट काढलेला नाही असं लिहून द्या.

मालवणची_लेक_बर्लिन

ताईने काय छान लिहिलंय. मी उलट्या दिशेने गेलेली, मालवणची, घोव जर्मन. इथे वाचणाऱ्या मुलींसाठी लिहिते कारण परदेशात जायचं तर प्रत्येक देशाची रीत वेगळी.

जर्मनीसाठी अपोस्टिलच्या भरवशावर राहू नका, भारताच्या अपोस्टिलला जर्मनीने हरकत घेतलेली आहे. त्याऐवजी आपले दाखले ते स्वतः तपासून घेतात. माझा जन्मदाखला तपासायला त्यांनी नेमलेला माणूस थेट आमच्या ग्रामपंचायतीत आला, रजिस्टर काढायला लावलं, शेजारच्या काकूंना विचारून गेला. आये घाबरली, माका फोन करून म्हणते, "गो बाय, तू काय केलंस काय?" या तपासणीत माझे पाच महिने गेले. दाखल्यावर वडिलांचं नाव एका ठिकाणी टोपणनावाने होतं, तेवढ्यासाठी दुरुस्ती करून परत. मुलींनो, आजच जाऊन आपला जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

आणि जर्मन माणसाच्या बायकोला ए१ म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीची जर्मन परीक्षा आधी द्यावी लागते, मी पुण्याला मॅक्सम्युलर भवनात दिली. एसटीने जाऊन येऊन, मावशीकडे राहून. तेव्हा कंटाळा यायचा, पण इथे आल्यावर पहिल्या दिवशी बेकरीत स्वतः पाव मागितला तेव्हा त्या परीक्षेची किंमत कळली.

चिपळूणची_न्यूजर्सीत

अमेरिकेचं मी सांगते, बरेच जण विचारतात. नवरा अमेरिकन नागरिक असेल तर दोन वाटा. एक के-१, म्हणजे लग्न ठरलेल्या माणसाचा व्हिसा, आधीच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेटलेलं असावं लागतं आणि तिकडे पोचल्यावर ९० दिवसांत लग्न, मग ग्रीन कार्डचा अर्ज. दुसरी वाट भारतात लग्न करून आय-१३० (नवऱ्याने भरायचा अर्ज), मग सीआर-१ (बायकोचा व्हिसा). लोक के-१ च्या मागे लागतात कारण लवकर एकत्र येता येईल असं वाटतं. पण के-१ वर गेल्यावर लग्न, अर्ज आणि मग कामाचं परमिट येईपर्यंत नोकरी नाही, भारतात यायला पण परवानगी लागते. माझ्या मैत्रिणीचे वडील चिपळूणला वारले तेव्हा ती येऊ शकली नाही. सीआर-१ वर तुम्ही ग्रीन कार्डवालेच म्हणून उतरता. मी चिपळूणला नोंदणी केली, थांबले, आणि परत करायचं झालं तर हेच करेन. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पोचलात तर कार्ड दोन वर्षांचं अटीचं असतं, संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (अट काढायचा अर्ज) भरायचा, ती तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा. मुलाखत मुंबईला.

साखरपा_वाचक

नेहमी फक्त वाचते. माझं लग्न लंडनच्या मुलाशी ठरतंय, तो तिथला नागरिक, मूळ आपल्याकडचाच. घरच्यांना फार घाई आहे. तो म्हणतो आधी लग्न करू, व्हिसाचं मी बघतो. काय विचारू त्याला?

खेडची_वकील

ताई, त्याला पगार विचारा, लाजू नका. ब्रिटनमध्ये जोडीदाराला बोलवायचं तर बोलावणाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न २९,००० पौंड लागतं, ११ एप्रिल २०२४ पासून, आधी १८,६०० होतं. तेवढं नसेल तर तुम्ही लग्न करून साखरप्यालाच बसाल आणि "मी बघतो" ला काही अर्थ राहणार नाही. पासपोर्ट बघा, आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाची मूळ डिक्री बघा. नोकरीच्या ठिकाणची खातरजमा ओळखीच्यांकडून करा. इंग्रजीची परीक्षा आणि टीबीची तपासणी तुम्हाला द्यावी लागेल. पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा असतो, पाच वर्षांनी कायम राहण्याचा अर्ज.

आणि ताई, पासपोर्ट, लग्नाचं सर्टिफिकेट, दागिन्यांच्या पावत्या सगळ्याच्या प्रती आईकडे ठेवून जा. लग्न करून मुलीला इथेच टाकून गेलेले नवरे मी बघितलेत, त्या मुली वर्षानुवर्षं व्हिसाची वाट बघत राहतात. राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठी वेगळा कक्ष आहे, गरज पडली तर तिथे तक्रार करता येते. गरज पडू नये हीच इच्छा. घाई घरच्यांना आहे, आयुष्य तुमचं आहे, दोन महिने थांबलात तर काही बिघडत नाही.

वरची_आळी

ताईंनी खरं तेच लिहिलं. दर्यावर्दी, गावातलं कोणी आईला टोमणे मारत असेल तर तिला एकदा रत्नागिरीला थिबा पॅलेस दाखवून आण. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढून पुढे इथे आणून ठेवलं, १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याच्या थोरल्या मुलीचं मन आपल्याच सावंतांवर बसलं, त्यांची लेक टूटू रत्नागिरीतच संसार करून इथलीच होऊन गेली. समुद्रापलीकडची माणसं आपल्या मातीत मिसळणं हे कोकणाला नवीन नाही.

गुहागरचा_दर्यावर्दी

दोन महिन्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी, जहाजावर नेट महाग.

५ नोव्हेंबर ऐवजी ८ ला साइन ऑफ झाला. ती १ डिसेंबरला आली, वर्षाच्या व्हिसावर, वकिलातीला ईमेलने विचारून. तारकर्लीवाली ताईंचं ऐकून त्याच रात्री सी फॉर्म भरला, वहिनीने भरला, मला जमला नाही. १० डिसेंबरला नोटीस दिली. तिचा सेनोमार आणि जन्मदाखला अपोस्टिलसकट होता, साहेबांनी दोनदा उलटून बघितला आणि घेतला. तिच्या मधल्या नावाचं एक स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नव्हतं, ते मालवणच्या ताईंनी लिहिलेलं वाचून आम्ही आधीच तिकडून दुरुस्त करून आणलं होतं, नाहीतर सगळी सुट्टी गेली असती.

सातबारा काढला. बाग आजोबांची निघाली, म्हणजे वडिलोपार्जित. खेडच्या ताईंचं कलम १९ मी भावाला वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, तुझा वेगळा झाला तर खालच्या अंगाची वीस कलमं तुझी, तिथेच होमस्टे बांध, विहीर दोघांची. वडिलांनी मान डोलावली. चुलत्यांना अजून समजवायचंय.

ती आईच्या मागे मागे स्वयंपाकघरात असते. त्यांच्याकडे पण माशाला नारळाचं दूध घालतात, तिने परवा केलं, आईने तिरफळ घालायला लावली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. हरकतीची मुदत ९ जानेवारीला संपते, १२ ला सह्या. साक्षीदार तीन लागतात, भाऊ, वहिनी आणि तिसरी सही आईच करणार म्हणतेय, रोज वहीत नाव लिहून बघते. काका, मराठीत सही चालते ना?

वरची_आळी

चालते रे बाळा. ओळखपत्र मूळ आणि झेरॉक्स दोन्ही घेऊन या, आणि सर्टिफिकेटच्या दोन-तीन सहीशिक्क्याच्या नकला त्याच दिवशी मागून घ्या, फिलिपिन्सच्या वकिलातीत एक द्यायची आहे. १२ ला मी रत्नागिरीतच आहे, आईंना भेटायला येईन.